ढिला गिअर: जुन्या गाडीचे बुश, रॉड आणि केबल कशी तपासायची आणि बदलायची

गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये सैल डोलते, तिसरा शोधताना पहिल्याच्या दारात जाऊन अडते, रिव्हर्स तर दोन-तीनदा चाचपल्याशिवाय सापडत नाही. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत हे सुरू झालं की मालकाच्या मनात पहिली भीती येते ती गिअरबॉक्सची. पण दांडी नुसतीच ढिली असेल, गाडी चालताना गिअर सुटत नसेल आणि गिअर टाकताना आतून खरखर येत नसेल, तर गिअरबॉक्स उघडायची वेळ सहसा आलेली नसते. झीज असते ती दांडी आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या सांध्यांत. तिथे नायलॉनचे, प्लास्टिकचे किंवा रबराचे छोटे बुश, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणाऱ्या नळीसारख्या कड्या असतात. ते झिजण्यासाठीच बसवलेले असतात आणि बदलताही येतात.

पुण्यात ते लवकर का झिजतात हे सांगायला नको. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्यातच सरकत राहते, त्यामुळे तेवढ्याच सांध्यावर तेवढ्याच दिशेने दिवसभर ताण येतो. पावसाळ्यात खालून चिखल उडतो, तो ग्रीसमध्ये मिसळतो आणि बुश घासत राहतो. सर्व्हिसिंगला खालून जोराचं पाणी मारून घेतलं की उरलेलं ग्रीसही धुतलं जातं. आणखी एक सवय म्हणजे चालवताना डावा हात सतत गिअरच्या मुठीवर ठेवणं. हाताचं वजन बुशवर तर येतंच, पण गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवरही येतं. ही सवय आजच सोडा.

एक नियम मात्र पक्का ठेवा. नेमका कोणता सांधा ढिला आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही विकत आणू नका आणि काही खोलू नका. "गिअर ढिला आहे" म्हणून पूर्ण रॉड बदलला आणि दोष निघाला दांडीच्या बुडाशी, असं होऊन पैसे फुकट जातात.

सीटवर बसून करायची तपासणी

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण वर. सगळ्यात आधी मूठ फिरवून पाहा. तिचे आटे सैल झाले असतील तर सगळा गिअर ढिला वाटतो. मूठ काढा, आट्यांवर नळाला वापरतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा आणि पुन्हा घट्ट बसवा. काही वेळा काम इथेच संपतं.

मग दांडी न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे ढकलून सोडा. पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत ती स्प्रिंगने परत मधोमध, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत यायला हवी. ढकलली तिथेच पडून राहत असेल तर सांधा सुकून जाम झालाय किंवा परतीची स्प्रिंग तुटली आहे.

आता तिसरा गिअर टाका. मुठीजवळ एक मोजपट्टी डॅशबोर्डला टेकवून धरा आणि दांडी हलक्या हाताने, गिअर सुटणार नाही इतपतच, पुढे-मागे हलवा. मुठीचा माथा किती मिलिमीटर फुकट हलतो ते लिहून ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्यातही मोजा. काम झाल्यावर हेच आकडे उपयोगी पडतील, कारण "जरा बरं वाटतंय" या भावनेवर विसंबण्यात अर्थ नसतो. थोडा खेळ नव्या गाडीतही असतो. दांडीचा टेकूच्या वरचा भाग खालच्या भागापेक्षा बराच लांब असतो, त्यामुळे खालची झीज वर मोठी होऊन दिसते. हे प्रमाण चारास एक असेल तर बुशमधली १ मिमी झीज मुठीपाशी ४ मिमी होते. एका रॉडवर असे दोन सांधे झिजले की दांडी का डोलते ते कळतं.

शेवटी दांडी सरळ वर खेचून पाहा. ती वर उचलली गेली किंवा खट्ट असा आवाज आला तर बुडाचा गोळा ज्या वाटीत बसतो ती वाटी झिजली आहे.

आणखी एक निरीक्षण गाडी चालवताना करायचं. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडताना दांडी स्वतःहून पुढे-मागे झटका खात असेल, तर बुशच्या आधी इंजिन ज्यांवर बसतं ती रबरी माउंटिंग पाहा. रबर फाटलं की इंजिन गिअरबॉक्ससकट डोलतं आणि त्याला जोडलेली दांडीही. अशा गाडीत नवे बुश घातले तरी दांडीचे झटके थांबणार नाहीत.

तुमच्या गाडीत कोणती रचना आहे

ढोबळ मानाने तीन प्रकार भेटतात. मारुती ८००, झेन आणि जुनी ऑल्टो यांत रॉड असतो. दांडीच्या बुडापासून एक लोखंडी रॉड गाडीखालून पुढे गिअरबॉक्सपर्यंत जातो आणि गिअर टाकण्याचं काम करतो. त्याच्या शेजारून दुसरा रॉड जातो, त्याला एक्स्टेन्शन रॉड म्हणतात. तो दांडीचं घर गिअरबॉक्सला बांधून ठेवतो, म्हणजे इंजिन हललं तरी दोन्हींमधलं अंतर बदलत नाही. बहुतेक जण पहिला रॉड तपासतात आणि दुसरा विसरतात.

दुसरा प्रकार केबलचा. २०१० मध्ये आलेली ऑल्टो के-१०, स्विफ्ट आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत दोन केबल असतात: एक पुढे-मागे नेणारी, दुसरी डावी-उजवीकडे ओळ निवडणारी. तिसरा प्रकार जिप्सी आणि जुन्या जीपचा. तिथे गिअरबॉक्स दांडीच्या थेट खाली असतो आणि दांडी त्याच्या डोक्यातच बसवलेली असते. पद्मिनीसारख्या स्टिअरिंगखालच्या दांडीचे सांधे बॉनेटखाली कॉलमच्या बुडाशी असतात. त्यांना रॉडच्या गाडीचेच नियम लागू पडतात आणि गाडीखाली फारसं जावंही लागत नाही.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. एरवी उभी गाडी आपण पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवतो आणि त्या भरवशावर निर्धास्त असतो. इथे तुम्ही तोच गिअर सोडवणार आहात. रॉड सुटला की गाडी गिअरमध्ये आहे की नाही हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून गाडी धरून ठेवायचं काम हँडब्रेक आणि चाकांना लावलेल्या अडणींनीच करायचं आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार, बेसमेंटचा रॅम्प किंवा मातीचा कच्चा प्लॉट चालणार नाही. काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक खालून पोकळ झालेले असतात, तिथे जॅक स्टँडखाली (उचललेल्या गाडीचं वजन पेलणाऱ्या पायांखाली) जाड लाकडी फळी टाका. दोन्ही मागच्या चाकांना पुढून आणि मागून अडण लावा. विटा नकोत, त्या फुटतात. लाकडी ठोकळे वापरा. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त उचलण्यासाठी. पुढची बाजू उचलून दोन्ही बाजूंना जॅकच्या ठरलेल्या जागी एकेक स्टँड लावा, मग जॅक सैल करून वजन स्टँडवर घ्या आणि गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. ती डुलली तर खाली जाऊ नका. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

सायलेन्सरचा पाइप रॉडच्या अगदी जवळून जातो. गाडी चालवून आला असाल तर किमान तासभर थंड होऊ द्या. खाली पडून वर पाहताना गंज आणि माती थेट डोळ्यांत पडते, तेव्हा पारदर्शक चष्मा लावाच. घरात दुसरं कोणी असावं: तपासणीला मदत होते आणि सुरक्षिततेसाठीही ते बरं.

हत्यारं आणि सामान

१०-११, १२-१३ आणि १४-१५ चे पाने, त्याच मापांचे रिंग पाने किंवा सॉकेट, सर्क्लिपचं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचं) पक्कड, साधं पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, छोटा हातोडा, पंच, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, जुन्या चिंध्या, टॉर्च, खुणेसाठी पांढरा ऑइलपेंट. प्लास्टिक-नायलॉनच्या बुशसाठी पांढरं लिथियम ग्रीस चालतं. रबराला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीस. बोल्ट, नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट, स्प्लिट पिन आणि सर्क्लिप शक्यतो नवे घ्या. या चार गोष्टींवर वाचवलेले पैसे कुणाच्याच कामाला येत नाहीत.

सामानासाठी नाना पेठ आहेच. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं असलं तरी तिचे बुश अजून सहज मिळतात. जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आरसीवरचा चेसिस नंबर लिहून न्या, आणि शक्य असेल तर जुना बुश पिशवीत घालून न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक माप बदललेलं असू शकतं. दुकानात जुना आणि नवा बुश शेजारी ठेवून आतलं भोक, बाहेरचा व्यास आणि लांबी पाहा. नखाने दाबून पाहा. अगदी मेणासारखा मऊ किंवा कडेला साचा नीट न भरलेला असेल तर परत द्या. रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात पाने, कन्सोलचे तुकडे, दांडीची मूठ, पत्र्याचं ब्रॅकेट खुशाल शोधा. रबर आणि प्लास्टिक मात्र तिथून घेऊ नका, ते तुमच्या जुन्या बुशइतकंच थकलेलं असतं.

बुश मिळतच नसेल तर लेथवाल्याकडून करून घेता येतो. पितळेपेक्षा नायलॉनचा करायला सांगा. पितळ टिकतं, पण इंजिनची थरथर थेट हातात येते आणि सुकलं की किरकिरतं. बोल्ट किंवा त्यावरची लोखंडी नळी (स्लीव्ह) त्यात बोटांनी फिरावी पण डुगडुगू नये, एवढंच मोकळं माप ठेवा.

रॉडच्या गाडीचं काम

१. गाडी स्टँडवर, दांडी न्यूट्रलमध्ये. मदतनीसाला सीटवर बसवा आणि तुम्ही खाली टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याकडे पाहत राहा. त्याला सांगा, दांडी हळू, पूर्ण हालचालीत, आधी पुढे-मागे आणि मग बाजूला हलव. जो सांधा ढिला असेल तिथे एक बाजू आधी हलते आणि दुसरी मागून. हा उशीर दिसला की तुमचा आजार सापडला. तरीही सगळे सांधे पाहून घ्या: दांडीच्या बुडाचा, गिअरबॉक्सजवळचा, एक्स्टेन्शन रॉडचं पुढचं टोक, आणि दांडीचं घर जमिनीच्या पत्र्याला जिथे बसतं ती जागा. घर सगळंच हलत असेल तर दोष रॉडच्या सांध्यात नसून एक्स्टेन्शन रॉडच्या बुशमध्ये किंवा घराच्या रबरात आहे. दांडी हलत असताना सांध्याच्या फटीत बोट घालू नका, चेमटतं.

२. मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट कोणत्या बाजूने घातलाय, वॉशर कुठे आहे, रॉडची वाकण कोणत्या दिशेला आहे, हे सगळं दिसायला हवं. रॉडवर आणि सांध्यावर रंगाची एक आडवी रेघ मारा. मारुतीच्या या गाड्यांत सांधा बोल्टने पक्का असतो, त्यामुळे रेघ फक्त दिशा लक्षात राहावी म्हणून. पण कोर्सासारख्या काही गाड्यांत रॉड एका क्लॅम्पमध्ये सरकवून आवळलेला असतो. तिथे खूण न करता क्लॅम्प सैल केला तर सगळ्या गिअरची जागाच हरवते, आणि ती परत बसवण्यात पूर्ण दिवस जातो.

३. माती ब्रशने झाडा, बोल्टवर गंजाचा स्प्रे मारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा.

४. आधी दांडीच्या बुडाचा बोल्ट. एका पान्याने डोकं धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर पूर्ण सांधा पिळला जातो. मग गिअरबॉक्सकडचा. तिथे बोल्टऐवजी स्प्रिंगची गोल पिन असेल तर योग्य मापाचा पंच लावून सरळ रेषेत ठोका, आणि ठोकताना सांध्याला मागून जड हातोड्याचा आधार द्या. हे घाव गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर पडू देऊ नका, आतल्या सीलला इजा होते.

५. रॉड हातात आला की जुने बुश ढकलून काढा. बाहेरून चपखल बसेल असा सॉकेट आधाराला आणि आतून लहान सॉकेट ढकलायला, एवढ्यावर निघतात. भोक बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करा. आता नीट पाहा: भोक गोल आहे की लांबट झालंय? लांबट असेल तर नवा बुश त्यात फिरत राहील आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खेळ येईल. मग सांधाच बदलावा लागेल. बोल्टवर आणि मधल्या लोखंडी स्लीव्हवर नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे पायरी पडली असेल, तर तेही नवं घ्या. नवा बुश आणि जुना खाचा पडलेला बोल्ट ही जोडी फार दिवस टिकत नाही. इथे सगळ्यात जास्त कसर केली जाते आणि काम फसतं ते बहुधा इथेच.

६. नायलॉनचा नवा बुश कडक बसत असेल तर उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, थोडा मऊ होतो. मग लांब बोल्ट, दोन मोठे वॉशर आणि नट वापरून हळूहळू आवळत आत खेचा. हातोड्याने ठोकलं तर कडा चिरते, आणि चिरलेला बुश बाहेरून दिसत नाही.

७. आत स्लीव्ह असेल तर तिची लांबी पाहा. स्लीव्ह दोन्ही बुशांच्या एकत्रित लांबीपेक्षा किंचित लांब असायला हवी. बोल्टचा सगळा ताण स्लीव्हवर यावा, बुशवर नाही, अशी ती रचना आहे. झिजून आखूड झालेली किंवा चुकीच्या मापाची स्लीव्ह घातली तर बोल्ट आवळताच बुश चिरडले जातात आणि ढिल्या गिअरचा कडक गिअर होतो. मग लोक बोल्ट अर्धवट सैल ठेवतात. तो उपाय नव्हे. तो बोल्ट कधीतरी रस्त्यात पडेल.

८. ग्रीस पातळ थरात लावा, लडबडवू नका. जास्तीचं ग्रीस फक्त धूळ धरतं.

९. सगळे बोल्ट आधी हाताने घाला. दांडी न्यूट्रलमध्ये मोकळी उभी असताना आवळा. एम-८ बोल्ट, म्हणजे ज्याचं डोकं बहुधा १२ किंवा १३ एमएमच्या पान्याला लागतं, साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, किंवा तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा. टॉर्क पाना नसेल तर साध्या लांबीच्या पान्याने एका हाताचा भक्कम जोर पुरे. पाइप घालून आवळू नका. स्प्लिट पिन असेल तर तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवा.

१०. एक्स्टेन्शन रॉडचं रबर सगळ्यात शेवटी. रबरी बुशचा बोल्ट रबर पिळलेल्या अवस्थेत आवळला तर ते कायम तणावात राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी सगळं जागेवर येऊ द्या, दांडी दोन-चारदा हलवा, मग आवळा. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात. गिअर नेमका लागतो हे खरं, पण रोजच्या गाडीत इंजिनची धडधड केबिनमध्ये येते. घाटात आणि शहरात चालणाऱ्या कौटुंबिक गाडीला मूळ रबरच योग्य.

याच वेळी गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट हाताने धरून हलवून पाहा. तिथे तेल गळत असेल तर सील गेलं आहे. हे तेल रबरी बुशवर पडलं की ते फुगतं, म्हणून सील आधी. शाफ्टच डुगडुगत असेल तर मात्र तो गॅरेजचा विषय.

दांडीचं बूड

वर खेचल्यावर दांडी उचलली जात होती, तर हे काम वरून, केबिनमधून करायचं. मधल्या कन्सोलचे स्क्रू काढा. एखादा हँडब्रेकखाली किंवा रबरी तुकड्याखाली लपलेला असतो, म्हणून कन्सोल निघत नसेल तर ओढू नका, आणखी एक स्क्रू शोधा. मग दांडीभोवतीचं रबरी आवरण, म्हणजे बूट, वर सरकवा. खाली गोळा आणि त्याभोवती प्लास्टिकची वाटी दिसेल, ती सर्क्लिपने किंवा पट्टीच्या बोल्टांनी धरलेली असते. सर्क्लिप काढताना वर चिंधी धरा, उडते.

वाटी पिवळी पडून चिरलेली असेल किंवा गोळ्याभोवती फट दिसत असेल तर बदला. जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरा. गोळ्याला गंजाचे खड्डे असतील तर नुसत्या नव्या वाटीचा उपयोग नाही. बाटलीच्या प्लास्टिकची पट्टी कापून वाटीत घालायचा प्रयोग बरेच जण करतात. दोन-चार दिवस घट्ट वाटतं, मग पट्टी सरकते आणि गिअर अडकतो. चौकात सिग्नल सुटताना पहिला न लागणं परवडत नाही.

रबरी बूट फाटला असेल तर याच वेळी बदला. पावसात खालून येणारं पाणी आणि चिखल अडवण्याचं काम तोच करतो.

केबलच्या गाड्या

इथे ढिलाईची कारणं तीनच असतात आणि दोन कमी खर्चाची आहेत. पहिलं: केबलच्या टोकाच्या कडीतला प्लास्टिकचा बुश. बॉनेटखाली गिअरबॉक्सच्या वर, उष्णतेत बसून तो ठिसूळ होतो आणि एके दिवशी चुरा होऊन पडतो. मग कडी पिनवर खडखडते, किंवा निसटून एका दिशेचे गिअर अचानक नाहीसे होतात. तसं रस्त्यात झालं तर कडी परत पिनवर दाबून केबल टाय किंवा तारेने बांधा आणि घरी या. ती मलमपट्टी आहे, कायमची ठेवू नका.

बुश सुटा मिळत असेल तर कडी पिनवरून चपट्या पट्टीने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचला. केबलला धरून ओढू नका, आतली तार वाकली की केबल गेली. नवा बुश दाबून बसवा, पिनला किंचित ग्रीस लावा, खट्ट आवाज येईपर्यंत कडी दाबा.

दुसरं कारण: केबलचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटला धरून ठेवणारी यू आकाराची क्लिप. ती निघाली की दांडी ढकलल्यावर तार सरकण्याऐवजी आवरणच सरकतं. गिअरबॉक्सचं काम करताना कुणी ती लावायची विसरलेलं असतं. दोन्ही टोकांच्या क्लिपा तपासा. तिसरं कारण केबलच ताणली किंवा आतून गंजली असणं. दोन्ही टोकं सोडवून तार हाताने ओढा-ढकला: ती गुळगुळीत सरकायला हवी. अडखळली किंवा किरकिरली तर तेल घालून वेळ मारून नेऊ नका, बदला. नवी केबल नेताना जुन्या मार्गानेच न्या, तीव्र वळण नको, सायलेन्सरपासून मूळ अंतर राखा. लांबी जुळवायची सोय असेल तर गिअरबॉक्स आणि दांडी दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवूनच ती लॉक करा.

जिप्सी आणि जीप

दांडी गिअरबॉक्समधून काढण्याआधी आजूबाजूची सगळी माती पुसा, हवा मारा. काही गाड्यांत वरचं झाकण दाबून फिरवायचं असतं, काहींत बोल्ट असतात. दांडी निघाली की भोकावर लगेच स्वच्छ फडकं ठेवा. आत पडलेला खडा किंवा स्क्रू गिअर खाऊन टाकतो. दांडीच्या टोकावर प्लास्टिकची टोपी असते. ती जागेवर नसेल तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तुटून आत पडलेली असू शकते.

काम झाल्यावर

गाडी स्टँडवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकून पाहू नका. सगळी चाकं जमिनीवर आणा, अडणी राहू द्या, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा. एखादा गिअर पूर्ण आत जाण्याआधीच दांडी कन्सोलला किंवा ताठ नव्या बुटाला टेकत असेल तर लक्ष द्या. अर्धवट लागलेला गिअर भार आला की सुटतो आणि लोक त्याचं खापर गिअरबॉक्सवर फोडतात. बूट वर सरकवून पुन्हा टाकून पाहिलं की लगेच कळतं. मग मुठीचा खेळ मोजून आधीच्या आकड्यांशी ताडा. खेळ निम्म्याने तरी घटायला हवा. घटला नसेल तर एखादा सांधा पाहायचा राहिला आहे.

आता अडणी काढा, हँडब्रेक वर ठेवा, क्लच दाबून इंजिन सुरू करा आणि जागेवरच पहिला आणि रिव्हर्स टाकून पाहा. रिव्हर्सला खरखर आली तर ती लिंकेजची, म्हणजे रॉड-केबल आणि सांध्यांची, नाही; बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर खरखर न करता जुळवणारा भाग) नसतो. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबून टाका. तरीही खरखरलं, तर क्लच पूर्ण सुटत नाही: क्लच वायरचं ॲडजस्टमेंट पाहा.

पहिली चक्कर मोकळ्या सपाट रस्त्यावर मारा. कात्रज किंवा दिवे घाट नंतर. घाटात उतरताना गिअर सुटला तर इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. म्हणून सपाटीवर तिसऱ्या आणि चौथ्यात ॲक्सिलरेटर एकदम सोडून पाहा. गिअर उडत असेल तर आतली लॉकची स्प्रिंग, फोर्क किंवा गिअरचे दात झिजलेत, आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मेकॅनिककडे जाताना नुसतं "गिअर खराब आहे" म्हणू नका. कोणता गिअर उडतो, भार देताना की सोडताना, बुश कधी बदलले, माउंटिंग तपासली का, एवढं सांगितलं तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

शेदोनशे किलोमीटर झाले की एकदा पुन्हा खाली वाकून सगळे बोल्ट पान्याने तपासा. नवे बुश या काळात बसतात आणि एखादा नट किंचित सैल होतो. त्यानंतर दर पावसाळ्याआधी बुटाच्या चिरा आणि सांध्यांचं ग्रीस पाहा. सर्व्हिसिंगमध्ये खालून जोराचं पाणी मारलं असेल, तर गाडी परत आल्यावर सांध्यांना नवं ग्रीस लावा.